धातू वेगळा काढण्याची किंमत

वीज येण्याआधी, आणि आल्यावरही कितीतरी वर्षे, मराठवाड्यातली वरात गॅसबत्तीच्या उजेडात निघायची. बत्तीच्या टाकीत रॉकेल भरायचे, पंप मारून हवा दाबायची आणि बर्नरला दोऱ्याने बांधलेले कापडी मेंटल पेटवायचे. पहिल्याच जाळात कापड जळून जाई आणि उरे ती पांढरी जाळी, बोट लागले की भुगा होणारी. तीच जाळी मग रात्रभर डोळे दिपवणारा उजेड देत राही. ती साधी राख नव्हती. तिच्यात ९९ टक्क्यांच्या आसपास थोरियमचे ऑक्साइड असे आणि उरलेला एक टक्का सेरियमचे. सेरियम हा विरल मृदा धातूंच्या कुळातला. केरळच्या किनाऱ्यावरची वाळू, तिच्यातले मोनाझाइट हे खनिज, आलुवाच्या कारखान्यात त्यावर होणारी प्रक्रिया, मग मुंबईत ट्रॉम्बेला १९५५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात तयार होणारे थोरियम नायट्रेट, आणि त्यात भिजवलेले मेंटल, अशी ती साखळी होती. आज ज्या धातूंवरून बड्या देशांत ओढाताण चालली आहे, त्यांतला एक बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांत माणसांच्या डोक्यावरून मिरवत गेलेला आहे. त्याचे नाव कोणी विचारले नाही, एवढेच.

आता तेच कूळ, काही सोबती धातू घेऊन, दुसऱ्या वाटांनी आपल्याकडे आले आहे. ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेलेल्या कुटुंबाचा गावाशी धागा म्हणजे मोबाइल. त्याच्या स्पीकरमध्ये आणि थरथरणाऱ्या इवल्याशा मोटारीत निओडिमियमचे चुंबक असते, बॅटरीत लिथियम आणि बहुतेक वेळा कोबाल्ट, पडद्यावर इंडियमचा पारदर्शक थर, आणि सर्किटवर टँटलमचे कपॅसिटर. बीड जिल्ह्यातल्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. पवनचक्क्यांचे प्रकार अनेक आहेत. गिअरबॉक्सवर चालणाऱ्या बऱ्याच पवनचक्क्यांना विरल मृदा धातू लागत नाहीत, किंवा फारच थोडे लागतात. मात्र गिअरबॉक्स नसलेल्या आणि कायम चुंबकावर चालणाऱ्या मोठ्या पवनचक्कीत एका मेगावॉटमागे सुमारे ६०० किलो चुंबक बसवलेले असते. विजेवरच्या मोटारगाडीला एक-दोन किलो पुरते.

या पुस्तकात ‘दुर्मीळ धातू’ हा शब्द जरा सैल अर्थाने वापरला आहे. त्याच्या मध्यभागी आहेत ती विरल मृदा मूलद्रव्ये, म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५, आणि स्कँडियम व इट्रियम धरून १७. त्यांच्या भोवती लिथियम, कोबाल्ट, गॅलियम, टंगस्टन, टँटलम अशी मंडळी येतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यांचे एकमेकांशी फारसे नाते नाही. यांना एकत्र बांधते ती एक गोष्ट: प्रत्येकाचा वापर थोडा, पण अडवणूक मोठी. मोटारगाडीत हजार किलो लोखंड असते आणि किलोभर चुंबक. त्या किलोभराशिवाय गाडी कारखान्याबाहेर पडत नाही.

नवा वाचक इथे पहिली ठेच खातो ती ‘दुर्मीळ’ या विशेषणाला. पृथ्वीच्या कवचात सेरियम साधारण तांब्याइतके आहे. या कुळातला अगदी विरळ म्हणावा असा ल्युटेशियमसुद्धा चांदीपेक्षा जास्त आहे. अडचण वेगळीच आहे. हे धातू एका जागी दाट साचलेले क्वचित सापडतात, आणि सापडतात तेव्हा सगळे एकाच खनिजात मिसळलेले असतात. त्यांचे रासायनिक वागणे इतके सारखे, की एकातून दुसरा निवडून काढायचा म्हणजे आम्लात विरघळवलेले मिश्रण सेंद्रिय द्रावकाबरोबर घुसळायचे, स्थिर होऊ द्यायचे, वरचा थर पुढच्या टाकीत घ्यायचा, आणि हेच शेकडो टाक्यांतून करत जायचे. प्रत्येक फेरीत फरक पडतो तो किंचित. या कामाला आम्ल लागते, अमोनिया किंवा कॉस्टिक सोडा लागतो, पाणी लागते, आणि शेवटी धातूच्या कितीतरी पट गाळ व सांडपाणी उरते. खनिजात बहुधा थोरियम किंवा युरेनियमचा अंश असतो, तोही त्या गाळात जातो. म्हणून या पुस्तकाचे मुख्य म्हणणे पहिल्याच पानांत सांगून टाकतो. या धातूंचा पुरवठा हा एक प्रश्न आणि पर्यावरण हा दुसरा, असे दोन प्रश्न नाहीत. टंचाई धातूची नाही. टंचाई आहे ती हा गाळ आणि हे पाणी आपल्या दारात ठेवून घेणाऱ्या जागेची. जगातला पुरवठा गेल्या शंभर वर्षांत जिथून जिथे सरकला, तो याच कारणाने सरकला.

इतिहास एका खेड्यापासून सुरू होतो. स्वीडनमधल्या इटर्बी या गावाजवळच्या खाणीत १७८७ मध्ये एक जड काळा दगड मिळाला. फिनलंडच्या योहान गाडोलिन यांनी १७९४ मध्ये त्यातून नवी ‘मृदा’ वेगळी काढली. पुढे याच गावाच्या नावावरून चार मूलद्रव्यांची नावे पडली. शतकभर ही मूलद्रव्ये प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिली. त्यांना बाजार दाखवला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. गॅसबत्तीचे मेंटल त्यांचे, आणि सिगारेटच्या लायटरमध्ये घासला की ठिणगी उडवणारा खडाही त्यांचाच. तो खडा म्हणजे सेरियम, लँथॅनम आणि लोखंड यांचा मिश्रधातू. मेंटलसाठी थोरियम हवे म्हणून मोनाझाइटचा शोध सुरू झाला आणि १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. शॉमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला तो त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत लागला. केरळच्या किनाऱ्यावरून वाळू युरोपात जाऊ लागली. कच्चा माल आपला, कारखाना त्यांचा, हा व्यवहार कापसासारखाच होता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलण्याचा निर्धार झाला, आणि तो खरोखर मोठा निर्धार होता. होमी भाभांच्या दृष्टीने मोनाझाइट म्हणजे थोरियम आणि थोरियम म्हणजे भारताच्या अणुऊर्जेचे भविष्य. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी राहिली, १९५२ मध्ये पेरियार नदीच्या काठी आलुवाला कारखाना चालू झाला. १९६३ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. आजही तिचे मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे, नाव आता आयआरईएल. म्हणजे चीनने या उद्योगात पाऊल रोवण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे वाळू होती, कारखाना होता आणि शिकलेली माणसे होती. तरी आपण मागे का पडलो, या प्रश्नाला या पुस्तकात सर्वात जास्त जागा दिली आहे. थोडक्यात सांगायचे तर मोनाझाइट आपण थोरियमची तिजोरी म्हणून सांभाळले. विरल मृदा त्यातून निघणारा जोडमाल राहिला. खनिज अणुऊर्जेच्या कायद्यात बांधलेले, समुद्रकिनारा किनारपट्टी नियमनाच्या (सीआरझेड) नियमांत, आणि किनाऱ्यावर माणसे राहतात, मासेमारी करतात. चीनचा स्वस्त माल आल्यावर २००४ च्या सुमारास मोनाझाइटवरची प्रक्रिया काही वर्षे बंदच ठेवावी लागली. आज देशात सुमारे १.३ कोटी टन मोनाझाइट असल्याचा अंदाज आहे आणि त्यात ७२ लाख टन विरल मृदा ऑक्साइड. वर्षाचे उत्पादन मात्र २,९०० टनांच्या आसपास. चीनचे २०२४ चे उत्पादन होते २,७०,००० टन. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये लँथॅनम, सेरियम, निओडिमियम हे हलके भाऊबंद भरपूर. चुंबक तापल्यावरही टिकावे म्हणून लागणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम त्यात फार थोडे आहेत.

चीनच्या आधी सर्वात मोठ्या उत्पादकाचा मान अमेरिकेचा होता. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीतून निघणाऱ्या युरोपियमने १९६० च्या दशकात रंगीत टीव्हीला लाल रंग दिला. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक बनवले, जवळपास एकाच वेळी. यंत्रांतल्या मोटारी त्यामुळे लहान झाल्या. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली आणि १९९५ मध्ये विकून टाकली. खरेदीदारांत चिनी कंपन्या होत्या आणि काही वर्षांत यंत्रे व काम चीनला गेले. माउंटन पासच्या सांडपाण्याची पाइपलाइन १९९० च्या दशकात वारंवार फुटत होती. खाण २००२ मध्ये बंद पडली. तोच धातू चीनमधून कमी भावात मिळत होता, आणि तो कमी भाव कशामुळे होता हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

चीनचे यश नुसत्या स्वस्त मजुरीचे नाही, हे मान्य केले पाहिजे. पेकिंग विद्यापीठातले शू ग्वांगश्यान यांनी १९७० च्या दशकात द्रावकाने धातू वेगळे काढण्याची गणिती पद्धत बसवली. किती टाक्या, किती आम्ल, कोणत्या टप्प्याला काय काढायचे, हे कागदावर आधी ठरवता येऊ लागले. ती विद्या त्यांनी कारखान्याकारखान्यांत शिकवली. आणि याच शास्त्रज्ञाने २००५ मध्ये इतरांबरोबर सरकारकडे अर्ज केला की बाओतो शहराजवळ साठणारा थोरियमयुक्त गाळ पीत नदीला धोका आहे, तो आवरा. ज्याने हा उद्योग उभा केला त्यानेच त्याचा हिशोब मांडावा, याचे मला फार मोल वाटते.

तो हिशोब जवळून पाहण्यासारखा आहे. चीनच्या इनर मंगोलिया भागातल्या बायन ओबो खाणीतून आलेले खनिज बाओतो शहराजवळ वेगळे होते आणि गाळ एका अफाट तळ्यात साठतो. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी विहिरी गेल्याच्या तक्रारी केल्या, कित्येकांना गाव सोडावे लागले. दक्षिणेत जिआंगशी प्रांतात जड विरल मृदा मातीतच चिकटलेल्या असतात. तिथे डोंगरावर भोके पाडून त्यांत अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडतात. ते मातीतून झिरपत, धातू सोडवत खाली येते आणि पायथ्याच्या खड्ड्यांत गोळा करतात. सगळेच गोळा होत नाही. उरलेले ओढ्याला, भातशेतीला आणि भूजलाला जाते. चीनने स्वतःच्या भागात हे आवळल्यावर तीच भोके म्यानमारच्या काचिन राज्यात, सशस्त्र गटांच्या ताब्यातल्या डोंगरांवर पडू लागली. मलेशियात बुकित मेराह इथल्या कारखान्याविरुद्ध गावकऱ्यांनी १९८० च्या दशकात न्यायालयीन लढा दिला. तो कारखाना बंद पडला आणि किरणोत्सारी कचरा हलवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. प्रत्येक ठिकाणी सांडपाण्याची वाट पाहिली की गावाच्या पिण्याच्या पाण्याची वाट सापडते. बीडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याचा एक स्रोत बिघडला की काय होते, हे आपण टँकरच्या रांगेत उभे राहून शिकलेले आहोत.

या विषयावर विचार करणाऱ्यांचे ढोबळमानाने काही गट पडतात, आणि वाचकाने ते ओळखून ठेवलेले बरे. एक गट अर्थशास्त्राचा. त्यांच्या मते टंचाई झाली की भाव चढतो, भाव चढला की नवी खाण निघते किंवा पर्याय सापडतो. १९८० मध्ये ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने पॉल एर्लिख या जीवशास्त्रज्ञाशी तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंवर पैज लावली होती. लोकसंख्या वाढूनही दहा वर्षांत महागाई वजा जाता त्यांचे भाव उतरतील, असे सायमन म्हणाले. उतरले, आणि एर्लिख यांनी धनादेश पाठवला. या पैजेचा दाखला आजही दिला जातो. पण ती भावावर होती. टंगस्टन स्वस्त झाले तेव्हा ते कुठून येऊ लागले आणि तिथल्या ओढ्याचे काय झाले, हे पैजेत मोजायचे ठरलेच नव्हते.

दुसरा गट सुरक्षेच्या भाषेत बोलतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००८ मध्ये एखादे खनिज किती कळीचे आहे हे मोजण्याची चौकट मांडली. एका अक्षावर त्याचे महत्त्व, दुसऱ्यावर पुरवठा तुटण्याचा धोका. युरोपने २०११ मध्ये १४ खनिजांची यादी केली आणि २०२४ च्या कायद्यात २०३० साठी लक्ष्ये घातली: गरजेच्या १० टक्के खनन, ४० टक्के प्रक्रिया आणि २५ टक्के पुनर्वापर युरोपातच, आणि कोणत्याही एका देशावर ६५ टक्क्यांहून जास्त भार नको. आपली ३० खनिजांची यादी २०२३ च्या जूनमध्ये आली. ही पद्धत उपयोगी आहे, मीही ती वापरली आहे. तिचा दोष असा, की खनिज जिथे सापडते तिथले लोक तिच्या कोणत्याही अक्षावर येत नाहीत.

तिसरा गट पर्यावरणीय न्यायाचा, आणि चौथा पुनर्वापराचा, ज्याकडे पुढे भंगाराच्या निमित्ताने येऊ. न्यायवाद्यांचा प्रश्न थेट आहे: शहराची हवा स्वच्छ करण्यासाठी डोंगरातल्या माणसाचे पाणी का नासावे? मला तो पटतो, पण काही जण त्यावरून खाणच नको म्हणतात, तिथे मी थांबतो. कोळसा सोडायचा असेल तर तांबे, लिथियम आणि चुंबके लागणारच. कोळशाची किंमत चंद्रपूरच्या लोकांनी काय मोजली आहे हे महाराष्ट्राला माहीत आहे.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा, बीड जिल्ह्यातल्या आमच्या लिंबागणेशचा माळही त्याचाच. या खडकात मोनाझाइट नाही, कारण ते येते ग्रॅनाइट आणि नीस यांसारख्या खडकांतून. बेसाल्टमध्ये असते ते टायटॅनियमयुक्त लोहखनिज. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी ते समुद्राला नेले आणि लाटांनी निवडून रत्नागिरीच्या काळबादेवी, नेवरे, मालगुंड या किनाऱ्यांवर काळ्या इल्मेनाइटच्या वाळूचे थर घातले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. बेसाल्ट ओतणाऱ्या त्याच प्राचीन उलथापालथीच्या काळात गुजरातमध्ये छोटा उदेपूरजवळ आंबाडुंगरचा कार्बोनेटाइट खडक तयार झाला. त्यात विरल मृदा आहेत. म्हणजे आपल्या सीमेपलीकडे काही अंतरावर त्याच आगीने वेगळा पदार्थ शिजवला. (भूविज्ञानात मला सर्वात जास्त आनंद अशा नात्यांनी दिला आहे.)

कोल्हापूरच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, बेसाल्ट कुजून जांभा आणि बॉक्साइट झाले आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचे बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला जात आले आहे. बॉक्साइटमध्ये गॅलियम असते, टनाला साधारण पन्नास ग्रॅम, आणि अ‍ॅल्युमिना काढताना ते द्रावणात उतरते. चीनने ऑगस्ट २०२३ मध्ये गॅलियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातल्यापासून असे उपपदार्थ एकदम मोलाचे झाले. पण सडा हा बॉक्साइटचा नुसता ढीग नसतो. पावसाळ्यात त्यावर इतरत्र न आढळणारी फुले येतात, आणि तो पाणी मुरवून खालच्या झऱ्यांना वर्षभर सोडत राहतो. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या सर्वात संवेदनशील पट्ट्यात नव्या खाणी नकोत आणि चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात असे सुचवले, त्यामागे हे झरे होते. समितीचे ऐकले गेले नाही. गॅलियमचा मुद्दा पुढे आल्यावर सड्यांवरचा दबाव वाढेल, अशी मला भीती वाटते. त्याला एक वाट आहे: आज जे बॉक्साइट निघतेच आहे त्याचे द्रावण आणि अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ आधी पिळून घ्यावा. नागपूरला वाडी इथे जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र याच लाल गाळावर काम करते.

विदर्भ या बाबतीत श्रीमंत आहे. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचे मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जात आले आहे, आणि नव्या बॅटऱ्यांनाही मँगनीज लागते. नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनच्या नोंदी आहेत. आणि गोव्यापुरते एवढेच सांगतो, की २६ जानेवारी १९८१ रोजी तिथल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले गोटे वर काढले. त्यावरून १९८७ मध्ये भारताला समुद्रतळाचा हक्काचा पट्टा मिळाला. ते गोटे वाढायला लाखो वर्षे लागतात आणि त्यांवर जीव राहतात. त्यांना हात लावावा की नाही, यावर पुस्तकात दोन्ही बाजू सविस्तर आहेत.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मला वाटते मराठवाड्याची खरी खाण जालन्याला आहे. आमच्या भागातले भंगार गावोगावच्या हातगाडीवरून तालुक्याला आणि पुढे जालन्याच्या पोलाद भट्ट्यांकडे जाते. भंगारवाला मोटार फोडतो ती तांब्यासाठी. तारेचा भाव त्याला तोंडपाठ असतो. चुंबकाचे काय करायचे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमध्ये दोन वाकडी, निकेलचा मुलामा दिलेली चकचकीत चुंबके असतात. ती इतक्या जोराने चिकटतात की बोट मध्ये सापडले तर रक्त निघते, आणि टिकाव घातला तर काचेसारखी फुटतात. फुटलेला चुरा लोखंडाला चिकटतो आणि लोखंडाबरोबर भट्टीत जातो. निओडिमियमला ऑक्सिजनची ओढ इतकी, की वितळताना ते पोलादात न राहता वर तरंगणाऱ्या मळीत उतरते. मळी भराव म्हणून टाकतात. डोंगराला भोके पाडून, ओढे नासवून, हजारो किलोमीटर आणलेला धातू असा रस्त्याच्या भरावात गाडला जातो. जगभर विरल मृदा धातूंचा पुनर्वापर एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे, त्याचे कारण बरेचसे हेच. आपले ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले तेव्हा उत्पादकांची जबाबदारी मोजण्यासाठी सोने, तांबे, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम हे चार धातू धरले गेले. चुंबकातला धातू त्यांत नव्हता. जे मोजत नाहीत त्याला भाव येत नाही, आणि भाव नसेल तर हातगाडीवाल्याने ते वेगळे का काढावे? पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने ई-कचरा घरोघरून स्वतंत्र गोळा करून दाखवला आहे. ती घडी तालुक्याच्या गावी बसवता येईल का, याचा विचार पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे.

आणि हे सगळे आत्ताच का? सप्टेंबर २०१० मध्ये जपानबरोबरच्या वादात चीनमधून जाणारा माल अडला आणि जगाला पहिला धक्का बसला. चीनच्या निर्यात कोट्यांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार झाली आणि २०१४ मध्ये निकाल चीनविरुद्ध गेला, आणि सगळे पुन्हा निवांत झाले. ४ एप्रिल २०२५ ला चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम, समॅरियमसह सात धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली. त्याची झळ थेट पुण्यात पोचली: जुलैत बजाज ऑटोला चेतक या विजेवरच्या स्कूटरचे उत्पादन घटवावे लागले आणि ऑगस्टमध्ये ते पूर्ण थांबू शकते असे कंपनीने जाहीरपणे सांगितले. सरकारनेही हालचाल केली. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली, सप्टेंबरमध्ये पुनर्वापरासाठी १,५०० कोटी, नोव्हेंबरमध्ये वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी. विशाखापट्टणमला वर्षाला ३,००० किलो समॅरियम-कोबाल्ट चुंबके बनवणारा कारखाना त्याआधीच, २०२३ मध्ये, राष्ट्राला अर्पण झाला होता. मला याचा मनापासून आनंद आहे. १९५२ मध्ये सुरू केलेले काम पुन्हा हाती घेतले जात आहे.

पण सप्टेंबर २०२५ मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजे आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली, आणि हे मला मान्य नाही. जनसुनावणी म्हणजे गावाने उभे राहून ‘आमचा ओढा इथून जातो’ असे सांगण्याची महत्त्वाची अधिकृत जागा. नकाशावर न दिसणारा झरा, उन्हाळ्यात कोणती विहीर आधी आटते, गुरे कुठे पाणी पितात, हे अहवाल लिहिणाऱ्याला गावानेच सांगायचे असते. ते न ऐकता खाण घाईने सुरू होईल, आणि मग आंदोलनात किंवा न्यायालयात वर्षानुवर्षे अडकेल. पुरवठ्याच्या दृष्टीनेही हा तोट्याचा व्यवहार आहे. हरित ऊर्जा गावात आली म्हणजे ती आपोआप न्यायाची होते असे नाही, हे बीड जिल्ह्याने फार वाईट रीतीने अनुभवले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली, आणि तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला. जमीन, करार, वाटा आणि दहशत या गोष्टी पवनचक्कीच्या पात्यांइतक्याच या विषयाचा भाग आहेत. त्या वगळून लिहिलेले पुस्तक आमच्या भागात कोणी उघडले नसते.

या पुस्तकाची मांडणी धातूंच्या यादीने केलेली नाही. एकेका धातूची वाट खडकापासून भंगारापर्यंत धरली आहे, आणि त्या वाटेवर जिथे आम्ल, पाणी, वीज आणि माणसे लागतात तिथे थांबून हिशोब केला आहे. पुरवठ्याचे आकडे एका भागात आणि प्रदूषणाचे दुसऱ्या भागात, अशी नेहमीची विभागणी मुद्दाम टाळली आहे. सोने आणि युरेनियम घेतलेले नाहीत, कारण त्यांचे राजकारण निराळे आहे. शेअर बाजारासाठीही इथे काही सापडणार नाही. दहावीपर्यंतचे विज्ञान झालेल्या वाचकाला सगळे कळावे, असा प्रयत्न आहे. आवर्तसारणी समोर ठेवली तर जास्त मजा येईल. डोळ्यांपुढे होते ते शाळेतले विज्ञान शिक्षक, आयटीआयची मोटार वाइंडिंगची मुले, भंगाराचा व्यवसाय करणारे, आणि ग्रामपंचायतीचे सदस्य, ज्यांच्या टेबलावर उद्या एखादा पर्यावरण परिणाम अहवाल येऊन पडेल. तो अहवाल कसा वाचावा, गाळाचे तळे कुठे दाखवले आहे ते कसे शोधावे, पाण्याचा ताळेबंद खरा की खोटा हे कसे तपासावे, यासाठी शेवटी एक स्वतंत्र प्रकरण जोडले आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

लिंबागणेश, जि. बीड